मल्याळम शिकायचंय? मग इंग्रजीचा वळसा टाळा

मल्याळम शिकायला बसलेला मराठी माणूस बहुतेकदा दोन महिन्यांत वही मिटतो, आणि प्रत्येकाची वाट जवळपास सारखीच असते. पहिल्या दिवशी मुळाक्षरांचा तक्ता. दुसऱ्या दिवशी फळं, रंग आणि वारांची यादी, तीही रोमन लिपीत. तिसऱ्या आठवड्यात इंग्रजी वाक्यांची भाषांतरं. मग एर्नाकुलमच्या एखाद्या हॉटेलात तोंड उघडायचं, समोरच्याने गोंधळून बघायचं आणि दोघांनीही मुकाट्याने हिंदीवर यायचं.

वेळ किंवा बुद्धी कमी पडत नाही. नडतो तो क्रम, आणि त्याहून जास्त नडतो इंग्रजीचा वळसा. ‘ळ’ आणि ‘ण’, ‘मला पाहिजे’ची रचना, ‘नको’ हा एकच शब्द, ‘आम्ही’ आणि ‘आपण’मधला फरक, सामान्यरूप हे सगळं मराठीत आयतं आहे आणि मल्याळममध्येही आहे. इंग्रजीतून शिकलात की ते वाटेत गळतं आणि नव्याने विकत घ्यावं लागतं. खाली दिलेला क्रम रोज अर्धा तास धरून सुमारे सहा महिन्यांचा आहे.

## पूर्वतयारी: वही, माणूस आणि चार खुणा

आधी एक माणूस शोधा. शेजारी, ऑफिसातली सहकारी, ओळखीची नर्स, कुणीही चालेल. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं बोलणारं कुणीतरी हवं. तो किंवा ती कुठली हे विचारून ठेवा आणि सहा महिने त्याच भागाची बोली धरा. त्रिशूर, कोळिकोड आणि तिरुवनंतपुरम इथलं बोलणं कानाला बरंच वेगळं लागतं. तिन्हीकडून वाक्यं वेचलीत तर धेडगुजरी तयार होते.

वहीत पहिले काही आठवडे देवनागरीत लिहा, रोमन अजिबात नको. त्यासाठी चार खुणा ठरवून घ्या. या लेखातही त्याच वापरल्या आहेत आणि शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

‘ऱ’ म्हणजे कडक, जीभ थरथरवून म्हणायचा र. ‘ऴ’, म्हणजे ळ-खाली टिंब, हा खास मल्याळी ध्वनी. त्याबद्दल पुढे येतंच. पाय मोडलेलं अक्षर तिथेच थांबवायचं, आणि पाय न मोडलेल्या अक्षरातला ‘अ’ पूर्ण म्हणायचा, शब्दाच्या शेवटीसुद्धा. चौथी खूण शेवटच्या ‘उ’ची. ‘वीडु’, ‘अदु’, ‘पत्तु’ यांतला ‘उ’ ओठ गोल न करता अर्धवट सोडायचा.

सावधान: तिसरी खूण मराठी जिभेला सगळ्यात जड जाते. आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. मल्याळममध्ये ‘कडल’ म्हणजे हरभरे आणि ‘कडल्’ म्हणजे समुद्र.

## टप्पा १: दोन आठवडे फक्त कान आणि जीभ

लिपीला अजून हात लावायचा नाही. शब्दांच्या जोड्या तुमच्या माणसाकडून म्हणून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि रोज ऐका.

सोप्यापासून सुरुवात करू. ल आणि ळ:

- पुलि: वाघ-बिबट्या. पुळि: चिंच.
- कल्लु: दगड. कळ्ळु: ताडी.
- पल्लि: पाल. पळ्ळि: चर्च किंवा मशीद.
- वाल्: शेपूट. वाळ्: तलवार.

इथे मराठी माणूस फुकटात पास होतो. हिंदीभाषक ज्या ‘ळ’शी महिनोन्‌महिने झगडतो तो आपल्या तोंडात बसलेला आहे. भाषेचं नावसुद्धा ‘मलयाळम्’ आहे आणि ‘मल्याळम’ म्हणताना आपण ‘ळ’ शाबूत ठेवला आहे. घरच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असेल तर मात्र या जोड्यांना दोन दिवस जास्त द्या.

मग र आणि ऱ. ‘करि’ म्हणजे कोळसा, ‘कऱि’ म्हणजे कालवण. पहिला र जिभेच्या एका हलक्या स्पर्शाचा, दुसरा खडखडीत.

आता ऴ. मऴ म्हणजे पाऊस, वऴि म्हणजे वाट, पऴम् म्हणजे पिकलेलं फळ, बहुधा केळंच. रोमनमध्ये यासाठी दोन अक्षरं जोडून लिहितात, ती वाचून मराठी वर्तमानपत्रांनी ‘अलप्पुझा’ आणि ‘कोझिकोड’ रूढ केलं. तिथे ‘झ’चा मागमूस नाही. ‘ळ’ म्हणायला जीभ मागे वळवा, पण टाळूला टेकायच्या आत थांबवा आणि हवा तशीच जाऊ द्या. जीभ टेकली की ‘ळ’ झाला, सुटून फटकन पुढे आली की ‘ड’ झाला. आरशासमोर पाच मिनिटं, आठ दिवस. पहिल्या दिवशी हसू येतं, येऊ द्या.

ऱ्हस्व-दीर्घ आपण शाळेत गुणांसाठी पाळतो आणि बोलताना विसरतो. इथे तसं चालत नाही. ‘विडु’ म्हणजे सोड, ‘वीडु’ म्हणजे घर. ‘कुट्टि’ म्हणजे मूल, ‘कूट्टि’ म्हणजे मिळवून. ए आणि ओ यांनाही ऱ्हस्व-दीर्घ आहे, जे मराठीत नाही. ‘तोडु’ लांब म्हटलं तर ओढा, आखूड म्हटलं तर ‘स्पर्श कर’. ‘कोडि’ लांब म्हणजे कोटी, आखूड म्हणजे झेंडा. वहीत आखूड ए-ओवर लाल रेघ मारा.

शेवटचं ‘च’बद्दल. मल्याळममध्ये ‘चहा’तला च आहे, ‘चमच्या’तला नाही. ‘चक्क’ म्हणजे फणस. हा शब्द मराठी ‘चक्क’सारखा म्हटलात की समोरच्याला काही कळत नाही.

तपासणी: तुमच्या माणसाने वरच्या जोड्यांतला कुठलाही एक शब्द पाठमोरं उभं राहून म्हणायचा, तुम्ही अर्थ सांगायचा. दहापैकी आठ बरोबर आले तर पुढे जा. सहाच आले तर आणखी चार दिवस.

## टप्पा २: नाही, नव्हे, पाहिजे, नको

व्याकरणाची सुरुवात इथून करा, वर्तमानकाळापासून नाही. या शब्दांवर दुकान, रिक्षा आणि दवाखाना निभावतो.

‘आहे’साठी मल्याळममध्ये दोन शब्द आहेत. ‘आणु’ म्हणजे अमुक हे तमुक आहे, ‘उण्डु’ म्हणजे अस्तित्वात आहे. त्यांचे नकारही दोन: ‘अल्ल’ आणि ‘इल्ल’.

- इदु पालाणु: हे दूध आहे.
- इदु पालल्ल: हे दूध नव्हे.
- पालुण्डु: दूध आहे, म्हणजे शिल्लक आहे.
- पालिल्ल: दूध नाही.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला या ‘अल्ल-इल्ल’साठी पानभर नियम वाचावे लागतात. आपल्याला ‘नव्हे’ आणि ‘नाही’ आठवलं की झालं. ‘नव्हे’ हल्ली कमी बोलतो, एवढीच अडचण. कोकणी येत असेल तर तेही नाही. ‘न्हय’ आणि ‘ना’ रोजच्या वापरात आहेत.

पुढे ‘वेणम्’ म्हणजे पाहिजे आणि ‘वेण्ड’ म्हणजे नको. शब्दाला शब्द. ज्याला हवं त्याला ‘ला’ लागतो, तेही तसंच. एनिक्कु चाय वेणम्: मला चहा पाहिजे. एनिक्कु वेण्ड: मला नको. एनिक्कु अऱियाम्: मला माहीत आहे. एनिक्कु अऱियिल्ल: मला माहीत नाही. ‘एनिक्कु’च्या जागी ‘ञान्’, म्हणजे ‘मी’, टाकण्याची चूक इंग्रजीच्या वळशातूनच येते. मराठीत विचार केलात तर ती होत नाही.

प्रश्न करायचा तर शेवटी ‘ओ’ लावा. चाय वेणो? पालुण्डो? उत्तरात ‘हो’ शोधत बसू नका, क्रियापदच परत म्हणा: ‘उण्डु’, ‘वेणम्’, ‘इल्ल’.

सोबत तीन जीव वाचवणारी वाक्यं पाठ करा. ‘पदुक्के पऱयू’ म्हणजे हळू बोला. ‘ओन्नुकूडि पऱयामो?’ म्हणजे पुन्हा एकदा सांगाल का? ‘मनस्सिलायिल्ल’ म्हणजे समजलं नाही. या शेवटच्याची फोड बघा: मनस्सिल्, आयि, इल्ल. मनात झालं नाही. एकदा फोड दिसली की विसरणं अवघड.

सावधान: समजलेलं नसताना ‘शरि’, म्हणजे ‘बरं’, म्हणायची सवय लावू नका. समोरचा वेग वाढवतो.

## टप्पा ३: लिपी, तीन ते चार आठवडे

आता लिपी. आधी का नाही? कारण कान तयार नसताना वाचलं की प्रत्येक अक्षर मराठी उच्चारातच पक्कं होतं. आणि यापेक्षा उशीर का नाही? कारण देवनागरीतली वही दोन महिन्यांनंतर कुबडी होते.

वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ-ङ. त्यामुळे तक्ता घोकू नका. ओळखीचे शब्द घ्या: पाल्, वीडु, मऴ, कडल, पळ्ळि. रोज पाच अक्षरं, प्रत्येक अक्षर निदान दोन शब्दांत. शिरोरेघ नाही आणि बहुतेक अक्षरं गोलाईत वळतात. नुसतं पूर्ण वर्तुळ म्हणजे ठ, खाली उघडी कमान म्हणजे ऱ.

मराठी डोळा नेमका चार जागी फसतो.

पहिली जागा मात्रांची. आपल्याकडे अक्षराच्या डाव्या बाजूला फक्त पहिली वेलांटी येते, म्हणून डावीकडे खूण दिसली की तोंडून ‘इ’ निघतो. मल्याळममध्ये डावीकडची खूण ए किंवा ऐची असते. इ-ईच्या खुणा उजवीकडे असतात. ‘ओ’ तर अक्षराला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो.

दुसरी जागा अनुस्वाराची. तो अक्षराच्या उजवीकडे छोट्या गोलासारखा येतो, आणि शब्दाच्या शेवटी ओठ मिटून ‘म्’ म्हणायचा असतो. मराठीत ‘पुस्तकं’ वाचलं की आपण शेवट लांबवतो आणि ते अनेकवचन होतं. मल्याळममध्ये ‘पुस्तकम्’ हे एकच पुस्तक. अनेक असतील तर ‘पुस्तकङ्ङळ्’.

तिसरी जागा लिहिलेलं आणि बोललेलं यांतल्या अंतराची. मूळ मल्याळी शब्दांत दोन स्वरांमधलं एकटं क, ट, त, प बोलताना मऊ होतं. लिहितात ‘अतु’, म्हणतात ‘अदु’. लिहितात ‘वीटु’, म्हणतात ‘वीडु’. तेच अक्षर दुहेरी असेल तर कडकच राहतं. ‘पडि’ म्हणजे पायरी आणि ‘पट्टि’ म्हणजे कुत्रा. लिपीत दोन्हीकडे ट आहे, एकात एकेरी आणि दुसऱ्यात दुहेरी. आणि दोन ऱ एकत्र आले की ‘र्र’ वाचायचं नाही. त्याचा उच्चार त आणि ट यांच्या मधला, जिभेचं टोक दातांच्या मुळाशी ठेवून होतो. वारा या अर्थाचा ‘काट्टु’ तसा लिहितात.

चौथी जागा पाय मोडलेल्या अक्षरांची. ण्, न्, र्, ल्, ळ् यांना स्वतंत्र आकार आहेत, त्यांना ‘चिल्लु’ म्हणतात. अवन् (तो), अवळ् (ती), कडल् या शब्दांत ती रोज भेटतात, म्हणून जोडाक्षरांच्या आधी ही पाच शिका.

जोडाक्षरांबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. १९७१ साली केरळ सरकारने छपाईसाठी लिपी सुटसुटीत केली आणि उकारासारख्या खुणा अक्षरापासून सुट्या झाल्या. तरी जुन्या वळणाची जोडलेली अक्षरं पुस्तकांत, पाट्यांवर आणि सिनेमाच्या पोस्टरवर आजही दिसतात. शिकताना सुटं वळण शिका, जुनं नुसतं ओळखता आलं तरी पुरे.

सरावाला पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तकं घ्या. केरळच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात. वर्तमानपत्राकडे इतक्यात वळू नका. त्यातल्या संस्कृत शब्दांमुळे आपल्याला सगळं कळल्याचा भास होतो, आणि हॉटेलात तेवढंच अडखळायला होतं.

तपासणी: बसच्या पाटीवरचं गावाचं नाव बस थांबायच्या आत वाचता आलं पाहिजे. केरळात नसाल तर पाट्यांचे फोटो मागवा आणि प्रत्येकी पाच सेकंद द्या. जमलं की वहीतली देवनागरी बंद.

## टप्पा ४: नामांआधी क्रियापदं

इथे खुशखबर आहे. मल्याळम क्रियापद लिंग, वचन, पुरुष काहीच बघत नाही. मी गेलो, ती गेली, ते गेले, सगळ्यांना ‘पोयि’. ञान् पोयि, अवळ् पोयि, अवर् पोयि. वस्तूंनाही लिंग नाही; ‘तो टेबल की ते टेबल’ हा वाद संपला.

भविष्यकाळ ‘उम्’ने होतो, वर्तमानकाळ ‘उन्नु’ने. मेहनत भूतकाळाला लागते, कारण त्याची रूपं एका साच्यात बसत नाहीत. म्हणून क्रियापद नेहमी जोडीने पाठ करा:

- वरुग, वन्नु: येणं, आला
- काणुग, कण्डु: पाहणं, पाहिलं
- केळ्क्कुग, केट्टु: ऐकणं, ऐकलं
- पऱयुग, पऱञ्ञु: सांगणं, सांगितलं
- कऴिक्कुग, कऴिच्चु: जेवणं, जेवला
- चेय्युग, चेय्दु: करणं, केलं
- एडुक्कुग, एडुत्तु: घेणं, घेतलं
- वाङ्ङुग, वाङ्ङि: विकत घेणं, घेतलं
- निल्क्कुग, निन्नु: थांबणं, थांबला

पंचवीस जोड्या झाल्या की बोलण्यापुरतं इंधन होतं. शेवटी ‘न्नु’ दिसलं की वर्तमानकाळ समजण्याची चूक सगळेच करतात. ‘वरुन्नु’ म्हणजे येतो, ‘वन्नु’ म्हणजे आला.

दुसरी चूक अस्सल मराठी आहे. ‘तो आला’ पण ‘त्याने खाल्लं’, म्हणून आपण ‘ने’ शोधत बसतो. गरज नाही. अवन् वन्नु, अवन् कऴिच्चु. कर्ता जसाच्या तसा.

‘जाऊन’, ‘करून’सारखी रूपं वाक्यं जोडायला उपयोगी पडतात. निघताना मल्याळी माणूस ‘पोयिट्टु वराम्’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. आपणही उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाही. ‘येईन म्हणून सांगितलं’मधल्या ‘म्हणून’चं काम ‘एन्नु’ करतो: वरुम् एन्नु पऱञ्ञु. रचना तीच, क्रम तोच.

सावधान: देणं या एका क्रियेसाठी दोन क्रियापदं आहेत. मला किंवा तुला द्यायचं असेल तर ‘तरुग’, तिसऱ्या कुणाला द्यायचं तर ‘कोडुक्कुग’. एनिक्कु ता: मला दे. अवनु कोडुक्कू: त्याला द्या. यासाठी मराठीत आधार नाही, घोटूनच बसवावं लागतं.

## टप्पा ५: प्रत्यय आणि सामान्यरूप

मराठीत ‘झाड’ला ‘त’ थेट लागत नाही, आधी ‘झाडा’ होतं. मल्याळममध्येही तसंच. मरम्, पण मरत्तिल्: झाडात. पुस्तकम्, पण पुस्तकत्तिल्. वीडु, पण वीट्टिल्: घरात. नाडु, पण नाट्टिल्: गावात. प्रत्ययाची यादी वेगळी आणि शब्दाची यादी वेगळी असं न करता, नवा शब्द वहीत उतरवताना त्याचं ‘-आत’चं रूप शेजारीच लिहा. ‘म्’ने संपणाऱ्या गावांना बहुधा ‘त्तु’ लागतो: कोट्टयत्तु, एऱणाकुळत्तु. बसमध्ये हेच ऐकू येतं.

कर्माला प्रत्यय सजीवाला लागतो, वस्तूला सहसा नाही. ‘मुलाला पाहिलं’ पण ‘पुस्तक वाचलं’, अगदी मराठीसारखं.

एकाच ठिकाणी मराठी दगा देते. ‘त्याला सांगितलं’, ‘त्याला विचारलं’ यांत आपण ‘ला’ लावतो, म्हणून शिकणारा ‘अवनु पऱञ्ञु’ म्हणतो. हवं ‘अवनोडु पऱञ्ञु’, ‘अवनोडु चोदिच्चु’. सांगणं, विचारणं, बोलणं म्हटलं की ‘ओडु’. हे चुकलं की वाक्य कळतं, पण कानाला खुपतं.

## टप्पा ६: माणसांशी बोलताना

‘तू’ला ‘नी’ आहे, ‘तुम्ही’ला ‘निङ्ङळ्’. पुस्तकं हे सांगून थांबतात आणि शिकणारा वडीलधाऱ्यांना ‘निङ्ङळ्’ म्हणून मोकळा होतो. ते बऱ्याच जणांना रोखठोक वाटतं. प्रत्यक्षात माणसं सर्वनाम टाळून नातं वापरतात. थोड्या मोठ्या पुरुषाला चेट्टन्, स्त्रीला चेच्चि: ‘चेट्टन् एविडेयाणु पोगुन्नदु?’ म्हणजे ‘दादा कुठे निघालेत?’ मलबारच्या मुसलमान घरांत इक्का आणि इत्ता ऐकाल. नर्सला किंवा शिक्षिकेला त्यांच्या पदाने हाक मारा.

‘ञङ्ङळ्’ म्हणजे आम्ही, ‘नम्मळ्’ म्हणजे आपण. ‘नम्मळ् पोगुन्नु’ म्हटलंत तर ऐकणाराही चपला घालायला उठेल.

बोलताना शब्द आक्रसतात. ‘एन्दाणु’चं ‘एन्दा’ होतं, ‘पोगुन्नु’चं ‘पोणु’. पूर्ण रूप माहीत असू द्या, पण कान छोट्या रूपाला लावा. वाक्याच्या टोकाला ‘अल्ले?’ लावलंत, म्हणजे आपलं ‘हो ना?’, की पहिल्यांदा तुम्ही पाठ केलेलं म्हणत नसून बोलताय असं वाटतं.

## टप्पा ७: ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द

संस्कृतातून आलेले हजारो शब्द दोन्हीकडे आहेत आणि बरेचसे तसेच चालतात. ‘शिक्ष’ म्हणजे आपल्यासारखीच शिक्षा. हिंदीवाले तिथे शिकवणीला जातात. पण यादी करून ठेवावी असे काही आहेत.

‘संसारम्’ म्हणजे बोलणं. ‘कल्याणम्’ म्हणजे लग्न. ‘प्रसंगम्’ म्हणजे भाषण. ‘चरित्रम्’ म्हणजे इतिहास. ‘आग्रहम्’ म्हणजे इच्छा. ‘अनुवादम्’ म्हणजे परवानगी, आणि भाषांतराला ‘परिभाष’. ‘पशु’ म्हणजे गाय, तर ‘मृगम्’ म्हणजे कुठलाही प्राणी. कोच्चीत राहत होतो तेव्हा घरमालकीणबाईंनी माझ्या फोडणीकडे बघून ‘नल्ल वासन!’ म्हटलं आणि मी पळीसकट गार पडलो. ‘वासन’ म्हणजे वास, सुगंध. बाई रस्समची तारीफ करत होत्या.

देशी शब्दांतही गंमत आहे. ‘पाल्’ म्हणजे दूध, ‘मोरु’ म्हणजे ताक, ‘चोऱु’ म्हणजे भात, ‘काल्’ म्हणजे पाय. यांसाठी वेगळी पानं ठेवा आणि शेजारी मराठी अर्थ लिहून त्यावर काट मारा.

शेवटची तपासणी: जेवणाच्या वेळी छोट्या खानावळीत जा. काय आहे ते विचारा, भात मागा, वाढायला आल्यावर ‘मदि’, म्हणजे पुरे, म्हणा, ताक मागून घ्या, पैसे किती ते विचारा आणि निघताना ‘पोयिट्टु वराम्’ म्हणा. सगळं झाल्यावर घरी येऊन कुठे अडलात ते त्याच रात्री वहीत लिहा. पुढच्या आठवड्याचा धडा तोच, आणि खानावळही तीच.